कुमुदिनीचे बैल व ट्रॅक्टर यांच्या पुढील व्यवस्थेबाबत

मी, दीनानाथ माधव देशकर, वय चौऱ्याहत्तर, फरीदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त, मूळ गाव हिंगणघाट, जिल्हा वर्धा, सध्या राहणार सेक्टर ५०, नोएडा, हे मृत्युपत्र आज रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला मधुमेह आहे आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. बाकी डोके ठिकाणावर आहे. डॉ. अलका रानडे यांनी मला तपासून तसे लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट माझा मुलगा निहार म्हणतो, इतक्यात कशाला.

पूर्वी मी व माझी पत्नी कुमुदिनी यांनी मिळून एक मृत्युपत्र केले होते. कुमुदिनी गेल्या आषाढात वारली. त्यामुळे ते मृत्युपत्र रद्द समजावे आणि हेच शेवटचे धरावे.

वकिलांनी दिलेल्या मसुद्यात 'जुन्या खेळण्यांचा दुर्मीळ संग्रह' असे शब्द होते. त्यातले 'दुर्मीळ' आणि 'संग्रह' हे दोन शब्द मी खोडले आहेत व खोडल्या जागी सही केली आहे. ती खेळणी आहेत. असे का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेला आहे. माझ्या पश्चात तो निहारचा. बैठकीतले काचेचे मोठे कपाट मात्र फ्लॅटबरोबर जाणार नाही. ते खेळण्यांबरोबर जाईल. कपाटाची डावी काच नीट सरकत नाही, ती थोडी उचलून सरकवावी लागते. हे सांगायला मी नसेन म्हणून येथे लिहिले.

कलम २. बँकेत व पोस्टात जे असेल त्यातून आधी माझे अंत्यविधी व दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल ते निहार व नात मयुरा यांनी सारखे वाटून घ्यावे. कुमुदिनीच्या साड्या व दागिने तिची धाकटी बहीण सुखदा हिला द्यावेत. त्यातली हिरवी इरकली साडी तेवढी माझ्याजवळ राहू द्यावी. ती माझ्या उशाशी आहे. याविषयी अधिक लिहिण्याची मला सवय नाही.

कलम ३. माझी मोजमापाची हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर व बारीक पेचकसांची पेटी, मयुराला द्यावीत. ती वास्तुरचना शिकते. वापरून झाल्यावर ती पुसून ठेवावीत. तेल फार लावू नये.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

कुमुदिनी लग्न होऊन फरीदाबादला आली तेव्हा तिला कशाचीच उणीव भासली नाही, फक्त तान्ह्या पोळ्याची भासली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला खरे बैल सजवतात. दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत दारोदार नेतात आणि मोठी माणसे त्यांना खाऊ किंवा पैसे देतात. त्या देण्याला बोजारा म्हणतात. तिने हिंगणघाटहून एक लाकडी बैल मागवला. मग त्याला सोबत हवी म्हणून दुसरा.

पुढे ती रविवारी दरियागंजच्या जुन्या बाजारात जाऊ लागली. कोणा इंग्रजाच्या घरातून निघालेल्या शिशाच्या गाई, बदके, टोपी घातलेला शेतकरी, दुधाची बादली घेतलेली बाई, असे एकेक ती रुमालात बांधून आणी. त्यानंतर पत्र्याचे ट्रॅक्टर आले. पहिला ट्रॅक्टर मात्र माझ्यामुळे आला. डीलरांना भेट देण्यासाठी आमच्याकडे ट्रॅक्टरच्या छोट्या प्रतिकृती येत. एकीचे मागचे चाक तिरपे होते म्हणून मी ती नापास केली. मला साहेबांना विचारायला लावून कुमुदिनीने ती घरी आणवली आणि पोळ्याला बैलांशेजारी ठेवून तिला कुंकू लावले. मी म्हणालो, ट्रॅक्टरचा कसला पोळा? ती म्हणाली, "काम कोण करतं आता?" तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकवाचा डाग आहे आणि बैलांच्या शिंगांना दर वर्षीच्या रंगाचे थर आहेत.

नोएडात राहायला आल्यावर तिने सोसायटीतल्या मुलांना जमवले. मुले पंजाबी, बंगाली, तमिळ, सगळीकडची. प्रत्येकाला एक बैल किंवा ट्रॅक्टर दिला आणि सांगितले, दारावर जाऊन बोजारा मागायचा. समोरच्या त्यागींची नात इशिता तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. ती स्वतःच्याच आजीच्या दारात बैल घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादी, बाजरा दो." त्यागी माताजी मूळच्या बागपतच्या. त्यांना वाटले, बैलासाठी मागते आहे. त्यांनी परातभर बाजरी आणून बैलापुढे ठेवली. ते पाहून शेजारणीनेही ठेवली. संध्याकाळपर्यंत आमच्या घरात महिनाभराची बाजरी जमली.

मी तपासणी खात्यातला माणूस. चूक दिसली की हात शिवशिवतो. मी पुढची कित्येक वर्षे मुलांना 'बो-जा-रा' असे तीन तुकडे करून शिकवत असे. मुले माझ्यासमोर बरोबर म्हणत आणि दारावर जाऊन बाजराच मागत. कुमुदिनी मला म्हणे, "राहू द्या हो. बैलाला कळतंय ना?" थंडीत त्या बाजरीची खिचडी करून ती पुन्हा प्रत्येक घरी पाठवी. त्यामुळे आमच्या सोसायटीत हा सण 'बाजरेवाला त्योहार' म्हणून ओळखला जातो. मूळ शब्द बोजारा आहे, हे मी येथे नोंदवून ठेवतो. परंतु या सोसायटीत तो कोणी दुरुस्त करू नये.

कलम ५. गुरगावचे श्री. श्याम दाणी यांच्याविषयी.

श्री. दाणी मोठ्या कंपनीत आहेत व जुनी खेळणी जमवतात. ज्ञान चांगले आहे. परंतु त्यांच्या घरी खेळण्याला हात लावायचा असेल तर पांढरे हातमोजे घालावे लागतात. कुमुदिनी एकदा पाहून आली आणि मला म्हणाली, "तिथे सगळे ऑपरेशनला आल्यासारखे बसले होते." आमच्या बैलांचे रंग पाहून श्री. दाणी तिला समजावून सांगत की ताई, हे तुम्ही बिल्कुल खराब करून टाकलंय. ती त्यांना चहा देई.

गेल्या वसंतात सदर बाजारातल्या एका बंद झालेल्या दुकानाच्या माळ्यावर तिला पत्र्याचा लाल ट्रॅक्टर मिळाला. चावीचा, चालकासह, मूळ खोक्यात आणि वरचा कागद अजून न फाडलेला. श्री. दाणींना त्याची कुणकुण लागली. कुमुदिनी मला म्हणाली, हा पोळ्याला उघडायचा. पोळ्याआधीच ती गेली.

सुतक यथाकाल फिटले. परंतु आमच्याकडे वर्ष होईपर्यंत घरात सण करत नाहीत. निहारला कपाट पाहवत नव्हते. तो मला म्हणाला, "बाबा, हे कोण सांभाळणार? जाणकाराच्या हाती गेलेलं बरं." मी काही बोललो नाही. माझे न बोलणे त्याने होकार समजले, त्यात त्याची चूक नाही. मी कारखान्यातही नापास केलेल्या मालावरच बोलत असे. ठरले असे की श्री. दाणी खोक्यातला ट्रॅक्टर आणि रंग न लागलेली शिशाची जनावरे नेतील आणि उरलेले कोणालातरी देऊन टाकायचे. शनिवारी त्यांना सुटी असते म्हणून ते ऑगस्टातल्या एका शनिवारी प्लास्टिकचे फुगेवाले कागद घेऊन आले. तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. त्यांना माहीत नव्हते. निहार विसरला होता. मी विसरलो नव्हतो.

दुपारी बेल वाजली. दारात इशिता. ती आता नोकरी करते. तिच्यामागे जिना भरून मुले. निहारने तिला हलक्या आवाजात सांगितले की यंदा आमच्या घरी सण नाही, आई गेली.

इशिता माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, सूतक तो आपके घर में है। हमारे घर में थोड़े ही है।"

मी नियम मोडणारा माणूस नाही. पण नियम नीट वाचणारा आहे. नियम घरापुरता होता. मी उठून कपाटाची डावी काच उचलून सरकवली. उंबऱ्याच्या आत मी उभा राहिलो आणि एकेक बैल, एकेक ट्रॅक्टर उंबऱ्याबाहेर देत गेलो. कुंकू, हळद, शिंगांचा रंग त्यागींच्या घरून आला. जे करायचे ते इशिताने बाहेर, त्यांच्या बाजूला केले. माझ्या घरात सण झाला नाही.

शेवटी ते खोके राहिले. श्री. दाणींनी ते मांडीवर घेतले होते. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "काका, प्लीज. कागद फाटला की संपलं सगळं."

मी म्हणालो, "हिने पोळ्याला उघडायचं म्हणून आणलाय."

त्यांनी दिले. हे त्यांच्या बाजूने लिहितो, त्यांनी ओढून धरले नाही. मी पेचकसाच्या टोकाने कागद सोडवला, ट्रॅक्टर काढला, चाकांचा आस पाहिला, चावी फिरवून स्प्रिंग तपासली. निर्दोष होती. इतक्या वर्षांत इतका सरळ माल माझ्या हाती क्वचित आला असेल. मी तो उंबऱ्याबाहेर दिला. इशिताने बॉनेटला कुंकू लावले, एका लहान मुलीने चावी दिली आणि तो ट्रॅक्टर आमच्या दारापासून त्यागींच्या दारापर्यंत कोठेही न वळता गेला. मुलांनी असा आरडाओरडा केला की तो मला डाव्या कानानेही ऐकू आला. श्री. दाणी कोचावरून उठून दारात येऊन ओणवे झाले होते. ते म्हणाले, "काय सरळ चालतो, यार." मग त्यांना आठवले की तो आता त्यांच्या कामाचा राहिलेला नाही, आणि ते पुन्हा बसले.

निहार माझ्यामागे उभा होता. त्याचा लहानपणीचा बैल, ज्याचा एक कान नाही, कपाटात एकटाच उरला होता. त्याने तो काढला, दोरी हातात धरली आणि उंबरा ओलांडून मुलांमध्ये गेला. मी त्याला अडवले नाही. संध्याकाळी सर्व जनावरे व ट्रॅक्टर परत आले. बाजरी इतकी आली की दोन बादल्या समोरच्यांकडे ठेवाव्या लागल्या. कुमुदिनी गेल्यानंतर त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

त्या लाल ट्रॅक्टरचे खोके मी जपून ठेवले आहे. कोपरे शाबूत आहेत, चित्राचा रंग उडालेला नाही. ते मी श्री. श्याम दाणी यांना देत आहे. ते त्याची योग्य काळजी घेतील, अशी माझी खात्री आहे.

कलम ६. कपाट, त्यातील सर्व बैल, सर्व ट्रॅक्टर, शिशाची जनावरे व माणसे मी कु. इशिता त्यागी हिला देत आहे. आमच्या नातेवाइकांत कोणी म्हणेल की ती आपल्यातली नाही. कपाट बंद होणार होते तेव्हा दाराशी कोण आले, हे त्यांनी आधी पाहावे. निहारला हे मान्य आहे व त्याने शेजारी सही केली आहे. अटी थोड्या आहेत. काहीही वेगळे करून विकू नये. पोळ्याला सर्व बाहेर निघावे. मोडले तर दुरुस्त करावे, पण मोडेल म्हणून ठेवून देऊ नये. शिशाची जनावरे मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, ती तोंडात घालतात. ती परातीत मांडून मोठ्यांनी न्यावीत व नंतर साबणाने हात धुवावेत. इशिता उद्या दुसऱ्या गावी गेली तर हे सर्व तिच्याबरोबर जावे आणि तेथे पोळा व्हावा.

लाकडी बैलांची मोठी जोडी जुवासकट द्यावी. हा मजकूर वाचून मयुराने मला विचारले, "आजोबा, बैलांना जुएँ झाल्यात?" तिला हिंदीतल्या उवा वाटल्या, म्हणून स्पष्ट करतो की जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवरचे आडवे लाकूड. इशिताला देवनागरी वाचता येते. अडेल तेथे मयुराने सांगावे, आणि मयुरा अडेल तेथे निहारने.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निहारने करावी. माझे दिवस घालावेत, साधे घालावेत. माझ्यासाठी वर्षभर सण बंद ठेवायचे असतील तर ते घरात ठेवावेत, जिन्यात ठेवू नयेत. मी नेमका तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेलो तर कोणी मुलांना परत पाठवू नये. आमच्या इमारतीत मोठी लिफ्ट एकच आहे. त्या दिवशी ती आधी बैलांना द्यावी. सगळे बैल व ट्रॅक्टर खाली पोहोचले की मग मला न्यावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. बरोबर आहे.

सही: दीनानाथ माधव देशकर

कलम ६ मला मान्य. सही: निहार दीनानाथ देशकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या, आणि ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:

१. हिंमतराव जगदाळे, निवृत्त सुभेदार, दिल्ली छावणी
२. डॉ. अलका रानडे, सेक्टर ५०, नोएडा

स्थळ: नोएडा, जिल्हा गौतम बुद्ध नगर
दिनांक: ११ जानेवारी २०२६