जुना बीकन सागरला दिला

९ जानेवारी २०२२, युट्रेख्ट
लॉकडाउनमुळे दुकानं अजून बंदच. मार्चमध्ये स्वीडन, स्नोमोबाइल, पक्कं. सागर ग्रोनिंगनहून कॉलवर: "सामान तू निवड बाई. टेस्टर आहेस ना! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." दोन वर्षं घरातून काम करून दोघंही आंबलोय.
यादी: बीकन २ (बर्फाखाली गाडला गेलेला माणूस सिग्नलवरून शोधायला), फावडी २, प्रोब २ (बर्फात खुपसून बघायच्या लांब काठ्या). एअरबॅगच्या सॅक तिथे भाड्याने.

१५ जाने.
नवा बीकन एकच मिळाला, ऑनलाइन. दुसरा एका बाईंकडून जुना घेतला, त्यांच्या दारातच, मास्क लावून. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज. व्हिनेगरने पुसला. चालू झाला.

२३ जाने.
पार्कमध्ये तपासणी. एक गवतात लपवायचा, दुसऱ्याने शोधायचा. नव्याचा सिग्नल चाळीस पावलांवरून लागतो. जुन्याचा बारा, तोही मधेच गायब. तीनदा केलं, तेच. दुसरा नवा घ्यायला हवा. बघू.

२६ फेब्रु.
घेतला नाही. ऑफिसातलं रिलीज, लशीचा बूस्टर, कंटाळा. सागर सामान न्यायला आला. "माझा कुठला?" मी जुना पुढे केला. हात आपोआप गेला म्हणावं तर... नाही. आपोआप नाही. त्याने गळ्यात घालून फोटो काढला, आईला पाठवला.

८ मार्च, स्वीडन
उतारावर सागर पुढे होता. वरचा बर्फ सरकला. मग तो नाहीच. माझ्या बीकनच्या स्क्रीनवर काही नाही. एकदा आकडा आला, गेला. गाडीचं हॅण्डल दिसत होतं म्हणून मी आणि आमची गाइडबाई त्याच्या आसपास प्रोब खुपसत सुटलो. लागला. खणून काढला. ओठ निळे, पण श्वास होता. पाय मोडलाय.
नंतर गाइडबाई त्याचा बीकन उलटसुलट करून बघत होती. मी म्हटलं, आपटल्यामुळे बिघडला असेल.

१९ मार्च
सागरच्या आईंचा पुण्याहून फोन. "पोरी, तू होतीस म्हणून माझा मुलगा मला परत मिळाला." मी नुसतं, अहो काकू, अहो काकू...

२ एप्रिल, ग्रोनिंगन स्टेशन
सांगायचंच म्हणून सागरच्या घरी गेले होते. त्याने कुबड्या सावरत चहा केला. अर्धा तास मी हवापाण्यावर बोलले. मग तोच म्हणाला, "तो बीकन ऑफिसातल्या एकाला देतोय. पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रियाला चाललाय तो. बीकन चालू होतोय परत."
"नको देऊस."
"का गं?"
"सिग्नल बारा पावलांच्या पुढे जात नाही त्याचा."
"तुला कधी कळलं?"
"जानेवारीत."
कपातला चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नाही. मग म्हणाला, "ट्रेन चुकेल तुझी."
ट्रेनला दीड तास होता.