तुम्ही शपथ घ्यायला गेलात तो दिवस

बाबा, हे पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा गोड बोलत बसत नाही. कम्युनिटी कॉलेजच्या त्या क्रिमिनल जस्टिस सर्टिफिकेटचं कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. कोर्स एका वर्षाचा, पण मध्ये हप्ते थकले, व्याज चढलं आणि फेडता फेडता माझे केस पांढरे झाले. जामीन म्हणून तुमची सही होती, म्हणून सांगते.

ती सही नोव्हाय गावातल्या आपल्या घरी, किचनमध्ये झाली. तुम्ही कागद तीनदा वाचलेत. "पोलीस? आपल्या घरात? महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, लेक काय करते, तर काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, चोर पकडते." आई हसली, तुम्ही नाही. तरी सही केलीत.

कोर्स संपला, पोलिसांचा फॉर्म हातात आला, आणि पहिलाच प्रश्न होता, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का. मी कुठली! आपलं सगळं घर ग्रीन कार्डवर. तुम्हाला कधीच सिटिझन होता आलं असतं, पण भारताचा पासपोर्ट सोडायचा म्हटलं की तुमचं ठरलेलं, "करू गं, घाई काय आहे!" मी अठराची व्हायच्या आत तुम्ही नागरिकत्वाची शपथ घेतली असतीत, तर तुमच्याबरोबर मीही आपोआप झाले असते. मग मी स्वतः अर्ज केला, तर तो तपासणीत अडकला. जुळे टॉवर पडल्यानंतरचे ते दिवसच तसे होते, आपल्या रंगाच्या माणसाची फाइल हलायची नाही. कर्जाचे हप्ते मात्र सुरू झाले. मी मॉलमध्ये गार्ड म्हणून लागले. ताशी नऊ डॉलर, आणि काम काय, तर एस्कलेटरवर दंगा करणाऱ्या पोरांना हाकलायचं. पगाराचा मोठा तुकडा हप्त्यातच जायचा.

एका संध्याकाळी तशीच युनिफॉर्ममध्ये घरी आले. तुम्ही आमटीला फोडणी देत होतात. काय निमित्त झालं आठवत नाही, पण मी ओरडले, "तुमच्या त्या पासपोर्टपायी माझं वाटोळं झालं!" तुम्ही गॅस बंद केलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही अर्ज भरलात. तुमची फाइल मात्र भराभर सरकली, नशीब बघा.

शपथेच्या सकाळी तुम्ही तपकिरी सूट घातलाय, दारात उभे आहात. मी बूट बांधतेय. "आता तुझं काम होईल ना गं?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "होईल." दुपारी तुम्ही स्वतः शिरा केलात आणि शेजारच्या काकांना म्हणालात, "लेकीसाठी केलं हो, नाहीतर मी कशाला जातोय." त्यानंतर दीड वर्ष, तुम्ही जाईपर्यंत, रोज विचारायचात, पोलिसांचं काही आलं का. माझी सिटिझनशिप तुम्ही गेल्यावर आली, माझ्याच जुन्या अर्जावर. तोवर मंदी आली होती, पोलिसांतही माणसं काढत होते. मी मॉलमध्येच राहिले.

बाबा, कॉलेजच्या काउन्सेलरने मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की मूल अठरा ओलांडून गेलं की बापाच्या शपथेचा त्याला काही उपयोग नाही. त्या सकाळी बूट बांधताना मला ते पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला दारातच थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. माझं गेलं होतं, तुमचंही काहीतरी जाऊ दे, असं मला वाटलं होतं.