मोरपंखी चूक

३ नोव्हेंबर
सत्यानाश! पायथॉनची नवी आवृत्ती टाकली आणि काळ्या स्क्रीनवर माझ्या मोठ्या भावाने, विरेशअण्णाने, लावलेले सगळे रंग गेले. आकड्यांचा हळदी, शब्दांचा डाळिंबी — काही नाही. फाइल जपून ठेवायची बुद्धी कशी झाली नाही मला? अण्णा जाऊन आठ महिने झाले. लॅपटॉपवर त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं. कोडिंगच्या क्लासमधली पायल म्हणते, ‘रंगच की, दुसरे लाव!’ तिला काय सांगू.

४ नोव्हेंबर
आठवून आठवून रंग भरले. प्रत्येकाचे तीन आकडे — लाल किती, हिरवा किती, निळा किती. कोडमध्ये चूक झाली की येणारी ओळ सगळ्यांची लाल असते. अण्णाची मोरपंखी, त्याच्या लाडक्या शर्टाची! म्हणायचा, ‘चूक दिसली तरी बरं वाटलं पाहिजे की गं.’ तोच रंग जमत नाही.

६ नोव्हेंबर
भीती वाटतेय. मी भरलेला हळदी फिका होता. आज बघते तर बरोबर अण्णाचा! मी हात लावलेला नाही.

७ नोव्हेंबर
डाळिंबीसुद्धा! दिवसभर अंगावर काटा. आईला सांगितलं, तिने देवापुढे दिवा लावला. अप्पांनी डबा घेतला आणि भवानी पेठेत डाय-हाउसला, सूत रंगवायच्या कामावर गेले. टेंभुर्णीला अण्णाच्या अपघातानंतर ओळख पटवायला ते एकटेच गेले होते. तेव्हापासून बोलणं कमीच.
मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. अण्णा घरात आहे.

९ नोव्हेंबर
मोरपंखी सापडला! अप्पांच्या शेड कार्डावर, रंगांच्या नमुन्यांत, त्या रंगाच्या सुताची लच्छी होती. ती स्क्रीनला लावून आकडे जुळवले. चूक यावी म्हणून मुद्दाम शून्याने भागलं — हुबेहूब! रडले. अप्पांना बोलावून दाखवलं. बघितलं आणि बाहेर गेले.

१० नोव्हेंबर
मोरपंखी गायब. चूक पांढरी. परत भरला.

११ नोव्हेंबर
सकाळी उठले तर लॅपटॉपपुढे अप्पा! चष्मा कपाळावर, एका बोटाने आकडे खोडत होते. अण्णानेच शिकवलं होतं म्हणे, ‘तीन डब्यांचं माप, तुमच्या रंगासारखंच.’ हळदी, डाळिंबी त्यांनीच जुळवले. मग हाच का पुसता? मी नको नको ते बोलले. ‘तुम्हाला तो घरात नकोच आहे!’ अप्पा न जेवता कामावर गेले.

१२ नोव्हेंबर
जेवताना अप्पा बोलले. ‘त्या दिवशी त्योच शर्ट हुता. सूत मी रंगवल्यालं. तोंडावरनं वळखू येत न्हवता गं, लक्ष्मी... शर्टावरनं वळखला.’
मी मोरपंखीचे आकडे पुसले.