ट्रेनर सतराचे शेपूट

मी, ओल्द्रिख कुबात, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त विमान मेकॅनिक, राहणार होर्नी ओल्शाव, दक्षिण बोहेमिया, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डावा कान गेला आहे, बाकी डोके शाबूत आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. मुलगी इवोना चार वर्षे 'बाबा, लिहा आता एकदाचं' म्हणते आहे, पण त्याला दडपण म्हणत नाहीत. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मुख्य गोष्ट मी लिहिलीच नव्हती.

१. घर, बाग, सशांचे खुराडे आणि बँकेत जे निघेल ते इवोनाला.

२. सतरा क्रमांकाच्या ट्रेनर विमानाची उड्डाण-दुरुस्तीची नोंदवही, सन १९५६ ते १९७८, आमच्या उड्डाण क्लबाला. या विमानाने तीनशेबारा जणांना उडायला शिकवले, ग्लायडर ओढले, एकदा बटाट्याच्या शेतात उतरून दाखवले. कसरतीसाठी ते उलटे केले की त्याच्या पोटातून हरवलेल्या वस्तू खाली यायच्या. पेन्सिली, बटणे, एकदा तर चक्क दात. तो कोणाचा हे मला आजतागायत कळलेले नाही. ज्याचा असेल त्याच्या वारसांनी घेऊन जावा.

क्लबाचे माजी अध्यक्ष श्री. त्साबान यांनी हे देखणे विमान मोहरीसारखे पिवळे रंगवले. त्यांना मी तो ब्रश देतो.

३. हत्यारांची पेटीही क्लबाला. तीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच कोरली आहे आणि माझ्या सगळ्या हत्यारांच्या मुठी लाल आहेत. एक जरी खाच रिकामी दिसली तर हत्यार विमानात राहिले असेल म्हणून विमान उडत नसे. एक लहान स्क्रूड्रायव्हर इतरांपेक्षा नवा दिसेल. त्याचा खुलासा पुढे.

४. मे १९७८ मध्ये जुना स्क्रूड्रायव्हर सापडेना. घरी राहिला असेल असे धरून मी दुसरा आणला, मूठ लाल रंगवली आणि खाचेत बसवला. पेटी भरलेली दिसली, विमान उडत राहिले. तीन आठवड्यांनी माझा मेव्हणा विलेम दुशेक, क्लबातला सर्वांत चांगला वैमानिक, उलटे विमान सरळ करत असताना विमान वळवायचा दांडा अडकला. त्याने हवाई छत्रीने उडी घेतली. विमान पान्स्की तळ्यात गेले आणि शेपूट गाळात रुतले. समितीने जुलैत निकाल दिला की चूक वैमानिकाची. विलेमचा परवाना गेला, तो दुधाचा ट्रक चालवू लागला.

ऑक्टोबरात नाताळच्या जेवणाचे मासे धरायला दरवर्षीप्रमाणे तळे रिकामे केले, तेव्हा शेपूट वर आले. मोडीत घालण्याऐवजी ते मी मागून घेतले. घरी येऊन उघडले, तर आत जुना स्क्रूड्रायव्हर. मी तो लपवला. हा भ्याडपणा होता, मला त्याची लाज वाटते. माझी बायको ब्लाझेना, विलेमची थोरली बहीण, हे न कळताच गेली.

मात्र आत असणे आणि अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी. कदाचित तो नुसताच पडून असेल. शेपूट माझ्या शेडमध्ये होते, ताडून पाहणे अर्ध्या तासाचे काम होते. उत्सुकता जिवाला खायची, धीर काही होत नव्हता.

५. मेल्यावर हे कळवणे सोपे होते, पण मग उत्तर मला कसे कळणार? म्हणून गेल्या रविवारी विलेमला शेडमध्ये बोलावून वरील कलमे वाचून दाखवली.

"आण तो इकडे, दाजी," एवढेच तो म्हणाला.

तो शेपटातली, दांड्याला जोडलेली तरफ हलवू लागला, मी स्क्रूड्रायव्हर निरनिराळ्या जागी धरला. चौथ्या जागी तरफ खटकन थांबली. मुठीवरचा जुना ओरखडा तिच्या कडेला नेमका बसला.

"पुन्हा कर."

सात वेळा केले.

"शिव्या दे की," मी म्हणालो.

"देतो. आधी बसू दे मला." बसल्यावर म्हणाला, "दांडा अडकला असं मी सगळ्यांना ओरडून सांगायचो. पण पुढं पुढं माझाच त्यावर विश्वास राहिला नाही. वाटायचं, मीच घाबरलो, ओढलाच नाही नीट. ताईजवळ तसं कबूलही केलं होतं मी."

हे मला माहीत नव्हते. ब्लाझेनाने कधी सांगितले नाही.

"आता ऐक, गाढवा," असे म्हणून तो पाऊण तास बोलला. ते इथे लिहिण्याजोगे नाही, पण रास्त होते.

६. <s>माझी जावा मोटारसायकल विलेमला.</s> हे कलम खोडले आहे. नोटरीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. विलेमचा त्या गाडीवर तीस वर्षे डोळा आहे. तो म्हणाला, "खोड ते, दाजी. जावा घाल चुलीत. मला या कागदावर सही करायचीय." गाडी इवोनाला जावी.

वरील सर्व मी लिहिले आणि दोघा साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

होर्नी ओल्शाव, १४ ऑक्टोबर २०१९

ओल्द्रिख कुबात

साक्षीदार:
येरोनिम पेख, शेजारी. व्यवसाय: मधमाशीपालन
विलेम दुशेक, मेव्हणा. व्यवसाय: वैमानिक