न्हाऊ घातलेल्या लेकराची साक्ष

माय, तुझी न्हाऊ घालायची रीत भंडाऱ्याच्या कोर्टात निघाली होती. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तिथे एक काळा कोटवाला उभा राहून विचारतो की ही रीत तुमच्या घरात कोणी आणली. मी सहावीपर्यंतच शिकलेला माणूस. मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. पण हे बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो.

तुला आठवत असेल, मी लहानपणी आसगावच्या तलावाच्या पाळीवरून घसरून पाण्यात पडलो होतो. कोणीतरी ओढून बाहेर काढलं. तू मला मारलं नाहीस, काही विचारलंही नाहीस. चुलीवर कडुनिंबाचा पाला टाकून पाणी तापवलंस, डोक्यावरून न्हाऊ घातलंस, माझा सदरा लगेच धुऊन टाकलास. मी येऊन बसलो होतो ती ओसरीची जागा शेणाने सारवलीस. मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकलीस आणि म्हणालीस, "आता झालं. आता बोलू नोको त्याच्यावर." घाबरलेल्या लेकराला तू असंच करायचीस. तुझी सून, माझी बायको, या घरात आली तेव्हा तिलाही तू हेच शिकवलंस, आणि ती तुझ्यापेक्षा पक्की निघाली.

माझा पोरगा आणि त्याची बायको नागपूरला कामाला आहेत. नात आमच्याजवळ राहते, इथल्याच शाळेत जाते. धान कापून पुंजणे रचले होते आणि मळणीचं यंत्र आलं होतं. यंत्रवाला शेजारच्या गावचा, दरवर्षीचा. आमच्याच घरी जेवायचा, नात त्याला मामा म्हणायची. एका सांजेला नात खळ्यावरून आली ती गप्प. अंग कापत होतं. तुझ्या सुनेला वाटलं, पुंजण्यात साप दिसला असेल. तिने पाणी तापवलं, न्हाऊ घातलं, फ्रॉक धुतला, जागा सारवली. सगळं तू करायचीस तसंच केलं, कुठेही कमी ठेवलं नाही.

दोन दिवसांनी तिला म्हटलं, मामाला चहा देऊन ये. ती जाईना. मी रागावलो, तेव्हा रडत आजीच्या मांडीत शिरली आणि तिने सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. तू माय आहेस, तुला समजेल. मी त्याच दिवशी पवनीला पोलीस ठाण्यात गेलो. धान अर्धं मळलेलं, अर्धं तसंच उघड्यावर.

पोलिसांनी पहिली गोष्ट विचारली, अंगावरचे कपडे कुठे आहेत. तुझ्या सुनेने दोरीवरून फ्रॉक काढून दिला. धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला. तिथून माझी झोप गेली. दवाखान्याच्या कागदातही काही निघालं नाही. मला वाटलं, आता कोण मानतं. पोरीचं बोलणं तेवढं उरलं होतं, आणि ती नऊ वर्षांची.

केस उभी राहायला वेळ लागला. मधल्या दिवसांत मी कोणाला ना कोणाला विचारत राहायचो. पारावरचा एकजण म्हणायचा, "पुरावा नसला का सुटते माणूस." मी घरी येऊन तेच बोलायचो आणि तुझी सून चिडायची. "तुमी आधीच हारून राहिले. कोर्टात जाऊन हारा ना मंग."

मग माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलाने विचारलं, यंत्रवाल्याच्या भावाची धानाची बांधी तुमच्या बांधीला लागून आहे ना? हो. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत घ्यायचं, यावरून तुमचं भांडण झालं होतं ना? माय, झालं होतं. मी त्याला फावडं दाखवलं होतं, हे सगळ्या गावाने पाहिलेलं. मी हो म्हणालो. बाहेर आलो आणि बाकावर बसून राहिलो. आपणच केस बुडवली असं वाटलं. सरकारी वकीलबाई आल्या आणि म्हणाल्या, "हो म्हणालात हे चांगलं केलं. नाही म्हणाला असतात तर त्याच्या वकिलाने गावातला माणूस आणून तुम्हाला खोटं पाडलं असतं, आणि मग तुमचं खरंही कोणी धरलं नसतं." मला हे पटलं नाही. बाई धीर देत आहेत असंच वाटलं.

मग तुझ्या सुनेला आत बोलावलं. मला बाहेर थांबावं लागलं. आत काय झालं ते तिने बसस्टँडवर सांगितलं.

"तो वकील मले म्हणे, फराक काहून धुतला? म्या म्हटलं, पोरगी भेली होती. तो म्हणे, भेली तं फराक धुतेत का? जागा काहून सारवली? म्या म्हटलं, आमच्या घरची रीत हाय, सासूनं शिकवली. तो म्हणे, सासू साक्षीले येते का?"

"मंग?"

"म्या म्हटलं, तिले आनाचं असन तं तुमालेच वर जा लागन."

"असं बोलली तू कोर्टात?"

"मंग काय करू? जजबाई खाली पाहून लिहू लागली. हासली असन."

मी उठून बसची पाटी बघायला गेलो. पवनीची बस लागली तेव्हा तीच म्हणाली, "चला, बसा आता. तुमी नोका घाबरू. ज्याले भ्यायचं हाय तो भ्याला नाई."

नातीची साक्ष वेगळी झाली. तिची आई नागपूरहून आली होती, ती जवळ बसली. मध्ये पडदा होता, तिला तो दिसत नव्हता. वकिलाला तिला थेट विचारता येत नव्हतं. त्याचे प्रश्न जजबाई आपल्या तोंडून, सोपे करून विचारायच्या. आधी शाळेचं विचारलं, मग खोटं बोललं तर काय होतं ते विचारलं. नात म्हणाली, "गुरुजी मारत नाईत, पन मंग कोनी खेळाले घेत नाई." मग बाकीचं. पोलिसांना तिने त्या सांजेला खळ्यावर पाणी द्यायला गेले होते असं सांगितलं होतं, कोर्टात चहा म्हणाली. वकिलाने तिथे फार जोर लावला. तिची आई सांगत होती, पाण्या-चहात ती गोंधळली, पण त्याने काय केलं यात एकदाही गोंधळली नाही. जेवढं पोलिसांना सांगितलं होतं तेवढंच, वाढवून काही नाही.

निकालाच्या दिवशी मला इंग्रजी-मराठी मिसळलेलं काही कळलं नाही. वकीलबाईंनी व्हरांड्यात समजावलं. दवाखान्यात काही सापडलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं कोर्ट धरत नाही. लेकराचं एकट्याचं बोलणंही पुरतं, पण आधी ते तोलून बघतात, कोणी पढवलं आहे का, मुख्य गोष्ट बदलते का. पाणी की चहा, ही मुख्य गोष्ट नव्हती. पढवलेलं लेकरू तिथे चुकलं नसतं, असंही जजबाईंनी लिहिलं. भांडण होतं ते आम्ही लपवलं नाही, आणि पाण्याच्या भांडणासाठी कोणी नातीला असं उभं करणार नाही. तुझ्या रीतीबद्दल एवढंच लिहिलं की आजीला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. घाबरलेल्या लेकराला तिने घरच्या पद्धतीने न्हाऊ घातलं, त्यात पुरावा लपवायचा हेतू दिसत नाही. त्याला शिक्षा झाली. त्याची म्हातारी आई जिन्याजवळ बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

माय, मी तुला दोष देत नाही. दिला होता, ती केस चालू असताना, मनातल्या मनात, पुष्कळदा. तू बोलू नको म्हणायचीस ते तर मला अजूनही खटकतं. नात दोन दिवस गप्प राहिली, त्यात ते किती आणि तिची स्वतःची भीती किती, हे कोणत्या कोर्टाला तोलता येणार.

आता ते लोक नागपूरला हायकोर्टात गेले आहेत. मी परत वकीलबाईंकडे गेलो आणि विचारलं, पोरीला पुन्हा उभं राहावं लागेल का. त्या म्हणाल्या, "बहुतेक नाही. तिथे कागद वाचतात." घरी आलो तर नात पायरीवर बसून बोरं खात होती. बी थुंकून तिने विचारलं, "आबाजी, मले पुन्हा सांगा लागते का?"

हा कागद घडी करून खिशात ठेवतो आहे. तुझ्यापर्यंत तो कुठून पोचणार. पण एवढं लिहून टाकतो. मी नातीला म्हणालो, नाही. बाईंचं ते "बहुतेक" मी तिला सांगितलं नाही.