कोंबडीवाल्याच्या बाजूची हद्द

४ जानेवारी

ऑफिसात आलेल्या नव्या शिसपेन्सिलींचा निषेध इथे नोंदवून ठेवतो, कारण अन्यत्र कोणी नोंदवून घेणार नाही. पूर्वीची पेन्सिल रेघ ओढत असे. ही नुसती रेघेची इच्छा व्यक्त करते. आज नकाशावर एका प्लॉटची हद्द काढली, चहा पिऊन आलो, तर हद्द अंतर्धान पावलेली. साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, ठळक तर आहे की हो! निवृत्ती जवळ आली की माणसाला सगळंच ठळक दिसू लागतं.

कपाच्या कडेला आदल्या पिणाऱ्याच्या ओठांचा ठसा होता. दिसला नाही, बोटाला लागला. शी!

संकल्प: यंदा कशाचाही वीट येऊ द्यायचा नाही.

७ जानेवारी

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या प्लॉटची मोजणी. एकट्याच आहेत. दोन खोल्या बांधायच्यात, भाड्याची जागा लवकरच सोडायची आहे. गवंडी ठरलाय, अडलंय ते माझ्या हद्दीवाचून. शेजारी कोंबड्यांची शेड. त्या वासापुढे 'दुर्गंध' हा शब्दसुद्धा अत्तराची कुपी वाटतो. बुटाला जे लागलं त्याचं नाव मी या वहीत लिहिणार नाही.

दुर्बिणीच्या भिंगावर बरोबर मधोमध डाग पडलाय. पुसला. फुंकर घालून पुसला. धोतराच्या कापडाने पुसला. जात नाही. आमचा शिपाई लंबू पलीकडे लाल-पांढरी काठी घेऊन उभा. मी इकडून हाताने खूण करायची, डावीकडे, उजवीकडे, आणि काठी रेषेत आली की तिथे खुंटी ठोकायची. इतकी वर्षं हेच केलं. डागाच्या पाठीमागे काठी असणार हे अनुमानाने ताडलं आणि खुंट्या ठोकून घेतल्या. धूर दिसला की अग्नी असतो, तसंच हे. शास्त्रात अनुमानालाही प्रमाण मानलंय.

बाई म्हणाल्या, रेघ बरोबर ना हो? म्हणालो, बाई, निर्धास्त पाया खणा.

१२ जानेवारी

डागाचं मशीन परत करून स्टोअरमधून दुसरं घेतलं. त्यालाही डाग. त्याच जागी! सगळा एकाच कारखान्याचा माल. खरेदी खात्यात बसलेत कोण देव जाणे.

घरी हे सांगितलं, तर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणालो, अंगण खरोखरच वाकडं आहे, मी मोजलंय. म्हणाली, मग आमटीत साखर कोणी घातली, तीही अंगणाने का? मीठ आणि साखर एकसारख्या बरण्यांत ठेवण्याची या घरातली पद्धत निंद्य आहे.

२० जानेवारी

कोंबडीवाल्याने लेखी तक्रार केली. म्हणे हद्द त्याच्या बाजूला सरकली. ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, रावसाहेब, माझ्या कोंबड्या रात्री दांडीवर बसतात ना, त्यासुद्धा तुमच्या रेघेपेक्षा सरळ बसतात. सगळे हसले. साहेबसुद्धा. त्याच्या बाहीला पीस चिकटलं होतं, ते माझ्या टेबलावर पडलं. टेबल दोनदा पुसून घेतलं.

साहेब म्हणाले, एकदा परत मोजून या आणि विषय मिटवा. तोवर बाईंनी काम थांबवावं.

बाईंनी थांबवलेलं नाही. भिंत गुडघ्यापर्यंत आली आहे. गवंडी एकदा गेला की परत मिळत नाही, म्हणाल्या. ते मात्र खरं.

२२ जानेवारी

फेरमोजणी. पहिल्यांदा रेषा भिंतीच्या अलीकडे आली. दुसऱ्यांदा पलीकडे. तिसऱ्यांदा भिंतीतून. उन्हाने टेप ताणली जाते, जमीन फुगते, आणि कोंबड्यांच्या कलकलाटाने चित्त विचलित होतं. यांपैकी किमान दोन कारणं शास्त्रीय आहेत.

लंबूचा आज उद्दामपणा. पलीकडच्या शेतात उभा राहिला आणि हलेचना. डावीकडे म्हटलं, ढिम्म. उजवीकडे म्हटलं, ढिम्म. घसा कोरडा होईस्तोवर ओरडलो. नोकरी घालवीन म्हणालो. मग पाठीमागून लंबूचाच आवाज आला, साहेब, मी इथे पाणी पितोय, ते बुजगावणं आहे.

त्याला म्हणालो, मला ठाऊक आहे, तुझं लक्ष आहे का ते बघत होतो. बुजगावण्याचा शर्ट लंबूच्या शर्टापेक्षा स्वच्छ होता, हेही इथे नमूद करतो.

२३ जानेवारी

लंबू फितूर. हिला सगळं सांगितलं. ही सकाळपासून एकच धरून बसली आहे, आधी डोळे दाखवा. ज्याच्या नजरेवर अख्ख्या गावाच्या हद्दी उभ्या आहेत, त्याला हे घरात ऐकावं लागतं.

२५ जानेवारी, संध्याकाळी

गेलो. हिचं तोंड कायमचं बंद करण्यासाठी गेलो. दवाखान्याचा बाक चिकट. कोपऱ्यात कोणीतरी थुंकलेलं. पंख्याच्या पात्यांवर माणसाच्या वयाची धूळ.

माझ्या आधीचा पेशंट भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्यांदा म्हणत होता. पडद्याच्या अलीकडे बसून ऐकता ऐकता पाठ झाली. माझा काय इलाज? लहानपणी छडीच्या धाकाने शब्दरूपं पाठ केलेली बुद्धी आहे. कानावर पडलं की आत जाऊन बसतं. डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून विचारलं, मी वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवलं. उजव्या डोळ्याने तर एकही चूक नाही. डॉक्टर म्हणाले, वा काका, या वयात! थेंब घालून आत तपासू या का? म्हणालो, कशाला? हातच्या काकणाला आरसा कशाला?

सर्टिफिकेट घरी आणून टेबलावर ठेवलं. हिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पानं वाढायला घेतली. विजयाचा म्हणावा तसा आनंद झाला नाही. जेवणही बेचव. बहुधा चिकट बाकामुळे.

२ फेब्रुवारी

साहेबांनी नव्या मोजणीदार मुलीला उपग्रहाच्या मशीनसह पाठवलं. म्हणाले, तुम्ही फक्त सोबत जा, काका. काका! कालपर्यंत रावसाहेब होतो.

मुलगी नम्र आहे, हा आणखी एक ताप. मशीन तिपाईवर उभं करून ती बिस्किट खात बसली. मशीन पिंकपिंक करत राहिलं. डोळा लावण्याची गरज नाही, म्हणाली. ही कसली मोजणी? आकाशाला विचारायचं आणि आकाशाने सांगायचं. घाण वासात उभं राहून मी मनात या विद्येची यथेच्छ निंदा केली.

मग तिने भिंतीच्या आतल्या बाजूला, बाईंच्या प्लॉटात, खुंटी ठोकली. भिंतीपासून हातभर आत. एकवार माझ्याकडे बघून पुन्हा मोजलं. खुंटी तिथेच.

कोंबडीवाला ओरडेल म्हणून तयारीत होतो. तो ओरडला नाही. बाईंना म्हणाला, बाई, भिंत पाडायला माझी माणसं देतो. त्याचं हे वागणं मला शिवीपेक्षा लागलं.

ऑफिसात रिपोर्ट लिहिताना 'भिंगातील दोषामुळे' असं कारण घातलं. साहेबांनी सही केली.

५ फेब्रुवारी

बाईंकडे गेलो. सांत्वन करायला जातो असं घरी सांगितलं. ही म्हणाली, जा, आणि या वेळी खरं बोलून या.

गवंडी पहार घालून भिंत उकरत होता. बाई विटा वेचून साफ करत होत्या, धड एकीकडे, फुटक्या एकीकडे. मी भिंगाच्या डागाचं सगळं पुराण लावलं. दुसऱ्या मशीनलाही तोच डाग निघाला, तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही माझ्याशी बोलताना मान वाकडी करून कडेने बघता. वर्गात असा एक मुलगा होता. फळा दिसत नसे, पण सांगायला लाजायचा. सगळं ऐकून पाठ करायचा. पहिला नंबर यायचा त्याचा. आम्हाला कळेपर्यंत फार उशीर झाला.

रागावून म्हणाल्या असत्या तर उत्तर होतं माझ्याकडे. त्यांनी विचारलं, चहा घेणार का?

मी तिथेच डावा डोळा हाताने झाकला. बाईंचे कान दिसत होते. पांढरे केस दिसत होते. खांद्यावरचा पदर दिसत होता. मधे चेहरा नव्हता. तिथे डाग होता.

उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे, ही सोबत येणार आहे. आत शिरण्याआधी मी कानात कापूस घालणार, असं तिने ठरवलंय. डोळ्याचं जे व्हायचं ते होईल. नोकरीचंही होईल. बाईंची भिंत निदान गुडघाभर होती, आणि शेजारी भांडखोर होता म्हणून कळलं.

काळजी निराळीच आहे. हा डाग मला गेल्या पावसाळ्यापासून दिसतोय. तेव्हापासून मी पुष्कळ हद्दी दिल्या. त्यातल्या कोणत्या बघून दिल्या आणि कोणत्या अंदाजाने, हे आता मलाच आठवत नाही. लोकांनी त्यांवर घरं बांधली आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही तक्रार केलेली नाही.