मासा कोणी वाटायचा

६ मे, मंगळवार

बोट नाहीच आली! सामोआतून, अपियाहून निघालीच नाही म्हणे — इंजिन. रेडिओवाला फालानिको सांगतो, "पुढच्या आठवड्यात, नक्की." हे 'नक्की' मी लहानपणापासून ऐकतेय. आधी त्याच्या बापाचं ऐकायची.

दुकानात पीठ संपलं, साखर संपली, तांदूळ तर केव्हाच. डब्यातला मासा मात्र भिंतभर! बाहेरच्या समुद्रात परदेशी जहाजं आमचा मासा भरभरून नेतात, त्या परवान्याच्या पैशावर आमची शाळा नि दवाखाना चालतो, आणि आम्ही तोच मासा डब्यात घालून विकत घेतो. शहाण्यांचा बाजार!

लुपे म्हणाली, "मावशी, इथे विमानतळ का नाही बांधत?"

म्हटलं, "कुठे बांधू? चर्चच्या छपरावर? धावत सुटलीस तर घाम यायच्या आत पलीकडच्या पाण्यात पडशील, एवढंसं गाव."

हसली. हसली की अगदी तिची आई. तेलेसा, माझी धाकटी बहीण — एकोणिसाव्या वर्षी न्यूझीलंडला गेली ती गेलीच. लुपे तिथलीच, पोरिरुआची. इथल्या शाळेत शिकवायला आली, दोन महिन्यांसाठी म्हणून. दोनाचे सहा झाले. मी विषय काढत नाही. काढला की उडून जाईल.

७ मे, बुधवार

माझ्या भावांनी, पेतेलो आणि पिओने, पाच कुपे मासे आणले, नेहमीसारखे माझ्या पायाशी टाकले आणि गेले. मी कापायला बसले. लुपे बाजूला.

"मावशी, मासे मारायचे मामांनी, आणि वाटायचे तू. ते काही बोलत नाहीत?"

"बोलून तर बघू देत!"

"आणि कमी पडलं तर?"

"तरी नाही बोलायचं. भावाने आणायचं, बहिणीने वाटायचं. माझ्या आधी आई वाटायची, आईच्या आधी तिची मावशी. घर धरणारी बाई नसली तर हे दोघे एकमेकांचे माड मोजत बसतील."

हे काही मी उगीच बोलले नाही. बेटांच्या मधल्या खाऱ्या तलावापलीकडे जे बेट आहे, तिथे आमचे माड आहेत. खोबरं आता कुणी घेत नाही, तरी पिओच्या थोरल्याने गेल्या महिन्यात तिथे खुणा करायला सुरुवात केलीच. पेतेलोच्या मुलांनी त्या पुसल्या. मी आहे म्हणून दोघांकडचे गप्प आहेत. माझ्यामागे कोण? मला एकच मुलगा, हकाइया, तोही पोरिरुआला. तेलेसाला एकच मुलगी. भावांच्या पोरी त्यांच्या आयांच्या घरच्या. झालं, संपली आमची यादी!

लुपेच्या हातात सुरी दिली. डोकं आणि पोटाकडचा भाग थोरल्याला — पेतेलो गावाच्या बैठकीत बसतो, भावांतला मोठा. मग पिओ. मग विधवा चुलती. मग आपण, उरलं ते. मान डोलावली तिने. समजलं असं वाटलं. वाटलं!

१० मे, शनिवार

रागातच लिहिते.

आज घरतपासणी. आम्ही बायका सकाळपासून गावभर — कुणाच्या चटया झाडलेल्या नाहीत, कुणाच्या पाण्याच्या टाकीत पानं. सोसाला तर मी चारचौघांत सुनावलं, "घर आहे की डुकराचा गोठा?" आणि इकडे माझ्याच घरी काय चाललं होतं!

भावांनी उद्याच्या रविवारचा मासा आणून टाकला. मी नाही म्हणून लुपेने वाटला. एक मोठा कुपा, दोन लहान. डोकं नि पोट — पिओला! पेतेलोला शेपटीकडचा भाग! थोरल्याला शेपटी! मी आले तेव्हा ती हात धुऊन नीरा पीत बसली होती.

"अगं, काय केलंस हे?"

"पिओमामाकडे सहा पोरं आहेत, मावशी. तांदूळ नाही, पीठ नाही. पेतेलोमामा आणि कालेतीमामी दोघंच, मुलं वेगळी राहतात. शिवाय त्यांच्याकडे फ्रीज भरलेला आहे."

"फ्रीज बघून वाटतात का?"

"मग काय बघून वाटतात?"

रात्री मी जेवले नाही.

११ मे, रविवार

चर्चमध्ये पेतेलो पुढे बसला. मागे वळून बघितलं नाही. तो बोलणार नाहीच — बहिणीपुढे भाऊ कसा बोलेल? म्हणून प्रार्थना संपल्यावर बायकोला पाठवलं.

कालेती गोड हसत आली. तिचं गोड हसू म्हणजे वादळाआधीचा वारा. "वन्सं, काल शेपटी फार छान होती हं. काटे तेवढे जास्त. न्यूझीलंडमध्ये असंच वाटतात वाटतं?"

म्हटलं, "कापताना माझा हात चुकला, कालेती."

"तुमचा हात? तुम्ही तर सोसाच्या घरी होतात ना तेव्हा!"

गावात काही लपतं का? शिंक आली तरी पलीकडच्या टोकाला कळते. आता बैठकीतली म्हातारी मंडळी बसतील चघळत — त्या घरातली वाटणी बिघडली म्हणून.

१२ मे, सोमवार

लुपेला बोलले. जरा जास्तच बोलले. पोरिरुआत वाढलेल्या पोरीला काय कळणार, सुपरमार्केटात मासा प्लास्टिकमध्ये मिळतो, वगैरे.

 ती म्हणाली, "शाळेने विचारलंय, पुढे राहणार का. या बोटीने उत्तर पाठवायचंय, नाहीतर मीच जायचंय."

मी विचारलं, "मग?"

"मला राहायचंय, मावशी. खरंच राहायचंय. पण तू प्रत्येक तुकडा माझ्या हातातून काढून घेणार, वर कालेतीमामीला सांगणार की हात तुझा होता — तशी नाही राहणार. एकतर मी वाटते, नाहीतर तू वाट."

"मी मेल्यावर वाट की!"

"तोपर्यंत मी इथे काय करू? पंख्याने माशा वारू?"

तेलेसाही अशीच होती. उलट उत्तर जिभेवर तयार. आई तिला कधी सुरी देत नसे. मलाही नव्हती देत. आई गेली त्या दिवशी मिळाली ती.

१४ मे, बुधवार

आमच्यात बोलणं बंद. नीरफणस उकडून खाल्ले. तिने वेगळे उकडले!

१५ मे, गुरुवार

हकाइयाचा फोन. पडद्यावर नातवंडं एकमेकांना ढकलत होती. धाकटीचे पुढचे दात पडलेत. तिला मी आजवर हाताने शिवलेली नाही.

"आई, ये ना. तिकीट मी काढतो. किती वर्षं तेच सांगतेस."

"आणि घर कोण धरणार?"

तो हसला. हे उत्तर त्याला पाठ आहे. फोन ठेवल्यावर बघितलं तर लुपे दारात. तिने ऐकलं होतं. बादली घेऊन टाकीकडे गेली.

१६ मे, शुक्रवार

शेवटी मीच पेतेलोकडे गेले. तो समुद्राच्या भिंतीवर बसून गळ नीट करत होता. मध्ये एवढं अंतर ठेवून मीही बसले. थोडा वेळ पावसाबद्दल बोललो, थोडा वेळ बोटीबद्दल.

मग तोच म्हणाला, समुद्राकडे बघत, "शेपटी बरी होती."

"काय?"

"बरी होती म्हटलं. पिओची पोरं परवा माझ्याकडे आली, नाचत. पोट भरलेलं पोर ओळखू येतं."

"मग कालेती —"

"ती ओरडते. तिचं ते कामच आहे. मी खाल्ली ना पण? घरातून आलेलं आहे. घरातून आलं की खायचं."

"म्हणजे तू तिला मानलंस?"

"खाल्ली ना," पुन्हा तेच. जन्मात याने एक वाक्य सरळ पूर्ण केलं असेल तर शपथ! गळ ओढून बघितला, दातांनी दोरा तोडला. मग म्हणाला, "फक्त कोणाच्या हातचं खायचं तेवढं ठरवा. दोघींच्या हातचं एकदम नाही जमणार. पिओही तेच म्हणत होता."

रागाने उठून आले. कोण मोठा लागून गेला! लहानपणी मी याचं नाक पुसलंय.

१७ मे, शनिवार

रागावले कशावर, तेच आता कळत नाही. खरं बोलला मेला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. या घरात असेपर्यंत मी सुरी सोडणार नाही, हे मला माहीत आहे. दिली तरी बाजूला बसून डोळ्यांनी कापत राहीन. आणि भाऊ तिच्या पायाशी मासा टाकतील, पण बघतील माझ्याकडे.

भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते.

१९ मे, सोमवार

बोट उद्या पोचते. या वेळी खरंच, फालानिकोने शपथ घेतली.

लुपेने बॅग भरलीय. दाराशी ठेवलीय, मला दिसेल अशी. पिओचा थोरला आज पुन्हा होडी घेऊन माडांकडे गेला होता. वास लागतो लोकांना.

दुपारी पेतेलोने मासा आणला. दोघीही हललो नाही. मासा ओट्यावर तसाच, माशा घोंगावतायत! शेवटी मी म्हटलं, "वाट." आणि चर्चमध्ये जाऊन बसले. परत आले तेव्हा सगळ्यांकडे पोचलं होतं. कुणाला काय गेलं, विचारलं नाही. विचारायचं किती मनात होतं ते माझं मला ठाऊक!

२१ मे, बुधवार — समुद्रात

बोट फार हलतेय, अक्षर वाकडं येतंय. दोनदा ओकले. बाजूचा सामोआचा माणूस विचारतो, "आजीबाई, फिरायला का?" म्हटलं, "मुलाकडे, न्यूझीलंडला."

काल तिची बॅग मी परत आत नेऊन ठेवली आणि माझी पेटी दाराशी आणली. लुपे बघतच राहिली. तिची बोलती मी पहिल्यांदाच अशी बंद केली. पेतेलोने काही न विचारता पेटी खांद्यावर घेतली, पाण्यात कमरेएवढा उतरून होडीत ठेवली. मग मात्र रडला. मीही रडले. किनाऱ्यावर लुपे उभी होती, आणि पिओ मासा घेऊन सरळ तिच्याकडे चालत गेला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

परत यायचं झालं, तर आता लुपेला विचारावं लागेल.